एजंटला वापरता येईल असं टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

आपण एआय एजंटसाठी टूल बनवतो, म्हणजे त्याला कॉल करता येईल असं फंक्शन, खाली एक ओळ टाकतो "ऑर्डर रद्द करतं" आणि मोकळे होतो. टीममध्ये नवीन आलेला माणूस असेल तर तो शेजारच्याला विचारतो, अरे इथे कुठला आयडी टाकायचा, नाहीतर जुना कोड उघडून बघतो, कोणीतरी सांगतं की ते फील्ड सोड, ते आता बंद आहे. एजंटला, म्हणजे टूल स्वतः निवडून चालवणाऱ्या एआय मॉडेलला, बहुतेक वेळा टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स (टूलला द्यायची माहिती) एवढंच दिसतं आणि तेवढ्यावरच तो अंदाज ठोकून देतो. म्हणजे जे आपण एकमेकांना तोंडी सांगतो नेमकं तेच लिहून काढायचंय, बाकी सगळं त्यातूनच येतं.

माझ्याच टूलचं सांगतो. पॅरामीटरचं नाव नुसतं "आयडी", टाइप स्ट्रिंग. एजंटने तिथे कस्टमरचा आयडी टाकला, दोन्ही आयडी नुसते आकडेच होते त्यामुळे सिस्टीमने काही कुरकुर न करता तिसऱ्याच कोणाची तरी ऑर्डर रद्द करून टाकली. टेस्ट डेटाबेस होता म्हणून वाचलो. आधी मॉडेलला शिव्या घातल्या, मग स्वतःचं वर्णन परत वाचलं आणि गप्प बसलो. नंतर ऑर्डरच्या आयडीपुढे 'ओआरडी-' जोडलं आणि वर्णन असं केलं:

"अजून डिस्पॅच न झालेली एक ऑर्डर कायमची रद्द करतं, परत चालू करता येत नाही. ऑर्डर_आयडी 'ओआरडी-' ने सुरू होतो, माहीत नसेल तर आधी ऑर्डर_शोधा वापरा. कस्टमर आयडी इथे चालत नाही. डिस्पॅच झालेल्या ऑर्डरसाठी हे टूल नाही, त्यासाठी रिटर्न_सुरू_करा."

यात सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे. टूल कधी वापरायचं नाही हे लोक लिहीतच नाहीत, आणि दोन टूलं एकसारखी दिसली की एजंट तिथेच गोंधळतो. तुमच्याकडे "युजर_आणा" आणि "युजर_मिळवा" अशी दोन असतील तर वर्णन सुधारत बसू नका, सरळ एक उडवा.

पॅरामीटर्सचं बरंचसं काम जेसन स्कीमावर, म्हणजे इनपुटमध्ये कुठली फील्ड कुठल्या टाइपची हवीत हे सांगणाऱ्या साच्यावर, सोडता येतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआयला बाहेरची टूलं जोडायची एक प्रमाण पद्धत) आणलं, त्यातही टूल म्हणजे नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा हाच ढाचा आहे. ठरावीकच व्हॅल्यू चालत असतील तर ईनम, म्हणजे त्या व्हॅल्यूंची यादी, द्या, काय रिक्वायर्ड आहे ते सांगा, डिफॉल्ट लिहा. पण स्कीमाला अर्थ कळत नाही. "टाइमआउट: नंबर", आता हे ३० म्हणजे सेकंद की मिलिसेकंद? नावातच टाका, टाइमआउट_सेकंद. तारखेचंही तेच, ०३/०४/२०२५ म्हणजे कोणासाठी ३ एप्रिल तर कोणासाठी ४ मार्च, त्यामुळे २०२५-०४-०३ असा आयएसओ ८६०१ वाला फॉरमॅट सांगा, सोबत एक उदाहरण द्या आणि वेळ असेल तर टाइमझोनसुद्धा.

आता एरर मेसेज. माझ्या मते हा डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, कारण एजंट तो अगदी गरजेच्या क्षणी वाचतो. "इनव्हॅलिड इनपुट" एवढंच आलं तर तो तीच चूक तीन प्रकारे परत करून बघणार. त्याऐवजी "तारीख २०२५-०४-०३ अशी हवी, मिळाली '३ एप्रिल'" असं आलं की बहुतेक वेळा पुढच्याच कॉलला तो सुधारतो. आणि रिझल्ट रिकामा आहे की कॉलच फसला हे वेगळं दिसू द्या. डेटाबेस बंद होता म्हणून रिकामी यादी पाठवली तर एजंट युजरला छातीठोकपणे सांगणार की तुमची कुठलीच ऑर्डर नाही 🙂

रीट्रायबद्दलही, म्हणजे तोच कॉल परत करण्याबद्दलही, लिहा. कॉल टाइमआउट झाला की एजंट तोच कॉल परत करू शकतो, आणि ते टूल पेमेंटचं असेल तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. दोनदा चालवलं तर काय होतं हे वर्णनात स्पष्ट हवं, आणि शक्य असेल तर आयडेम्पोटन्सी की घ्या, म्हणजे प्रत्येक कामाचा एक वेगळा कोड, तोच परत आला तर काम दुसऱ्यांदा करायचं नाही. एमसीपीत "फक्त वाचतं" किंवा "नासधूस करू शकतं" असं सांगणारे हिंट देता येतात, ते द्याच, पण हिंट म्हणजे कुलूप नव्हे, परवानगी सर्व्हरवरच तपासायची.

कमांड लाइन टूल असेल तर मध्येच "खरंच डिलीट करू? हो/नाही" विचारून थांबू नका, एजंट तिथेच लटकतो. त्यासाठी फ्लॅग (कमांडसोबत आधीच द्यायचा पर्याय) द्या, ड्राय रन द्या, म्हणजे खरं काही न बदलता काय होईल ते दाखवा, फेल झालं तर एक्झिट कोड शून्य नको, कारण शून्य म्हणजे काम नीट झालं. आणि हे सगळं हेल्पमध्ये दिसू द्या.

फक्त निबंध लिहू नका. टूलांची वर्णनं सहसा कॉन्टेक्स्टमध्येच, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरातच, बसलेली असतात, त्यामुळे हे टूल का बनवलं, कोणी बनवलं, आधी काय होतं वगैरे बाहेर ठेवा.

शेवटी टेस्ट. नवीन सेशन उघडा, काहीही समजावून न सांगता युजर बोलेल तशा भाषेत पाच-सहा कामं द्या आणि लॉग वाचा, कुठलं टूल उचललं, काय आर्ग्युमेंट टाकलं, कुठे अडखळला. चुकला तर प्रॉम्प्टमध्ये ठिगळ लावू नका, वर्णन बदला. मी असाच लॉग वाचत होतो तर दिसलं की एजंट प्रत्येक वेळी पहिल्या २० ऑर्डरी बघून "एवढ्याच आहेत" म्हणत होता. आउटपुटमध्ये "पुढचं_पान" होतं, पण वर्णनात त्याचा उल्लेखच नव्हता. "पुढचं_पान रिकामं नसेल तर अजून ऑर्डरी आहेत, ती व्हॅल्यू देऊन परत कॉल करा" एवढं वाक्य टाकलं, आणि पुढच्या रनला तो शेवटच्या पानापर्यंत गेला.