अंधाराला डोळे कसे सरावतात? घरच्या घरी करून पाहा

भर दुपारी पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वर लेण्यात शिरलं की आधी काही म्हणजे काही दिसत नाही. मग हळूहळू खांब दिसू लागतात. ‘डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून दिसायला लागलं,’ असं बहुतेक जण सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. मुख्य काम आत, डोळ्याच्या पडद्यावर चालतं. एका डोळ्यावर पट्टी बांधून ते स्वतः पडताळता येतं.

तयारी : रात्रीची वेळ निवडा. पुण्यात सोसायटीचे आणि रस्त्यावरचे एलईडी दिवे खिडकीतून थेट आत येतात, त्यामुळे बाथरूम बरी. दाराखालच्या फटीतून अगदी पुसट उजेड येत असेल तर उत्तमच. मिट्ट काळोखात कुणालाच काही दिसणार नाही. जाड काळ्या कापडाची घडी एका डोळ्यावर बांधा. कडेनं उजेड शिरता कामा नये आणि डोळा दाबलाही जाऊ नये.

अर्धा तास थांबा : उघड्या डोळ्यानं उजेडात बसून वाचा, भाजी निवडा. जिना उतरू नका, गाडी तर चालवूच नका; एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो.

आता बाथरूममध्ये जा, दिवा घालवा, पट्टी काढा आणि आळीपाळीनं एकेक डोळा झाकून पाहा. पट्टीखालच्या डोळ्याला बादलीची कड, नळ, टॉवेलची घडी दिसेल. दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही.

बाहुल्या तर दोन्ही डोळ्यांच्या एकदमच लहान-मोठ्या होतात. शिवाय बाहुली २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झाली तरी आत येणारा उजेड फक्त १६ पट वाढतो. मग एवढा फरक कशानं पडला?

पडद्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी (अंधुक उजेडात पाहणाऱ्या) आणि ६० लाखांच्या आसपास शंकुपेशी (भरपूर उजेडात पाहणाऱ्या, रंग ओळखणाऱ्या) असतात. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्यात ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनलचा वाकलेला रेणू. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, त्यानं शोषला की तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात सरळ होतो. दिसण्याची सुरुवात इथे होते. पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते : दंडपेशी अंधारात गप्प नसते, उलट पुढच्या पेशीकडे सतत ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सोडत असते. उजेड पडला की ते सोडणं कमी होतं, आणि हे कमी होणं हाच ‘उजेड आला’ असा निरोप.

सरळ झालेला रेणू पुन्हा वाकून कामाला लागायला वेळ लागतो. शंकुपेशी दहा-एक मिनिटांत सावरतात, दंडपेशींना ३० ते ४० मिनिटं लागतात. पट्टीखालच्या डोळ्यात अशा तयार रेणूंचा साठा भरत होता, उघड्या डोळ्यात तो खर्च होत होता. साठा भरलेला डोळा किती तयार असतो? हेख्ट, श्लेअर आणि पिरेन या संशोधकांनी १९४२ मध्ये दाखवलं की दंडपेशींनी जेमतेम ५ ते १४ फोटॉन टिपले तरी माणसाला उजेड जाणवतो.

दुसरा प्रयोग दिवेलागणीला : गॅलरीतल्या जास्वंदीकडे बघत उभे राहा. उजेड कमी होईल तसं लाल फूल काळपट पडतं, पानं मात्र त्यामानानं उजळ राहतात. कारभार शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जातो आणि दंडपेशींना लाल प्रकाश फारसा कळत नाही. म्हणूनच आकाशदर्शनाला गेल्यावर टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. मोबाइलच्या पांढऱ्या उजेडानं भरत आलेला साठा वाया जातो. पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, तेव्हा अंधुक तारा हवा असेल तर त्याच्या थोडं बाजूला बघा.

पुरेसा वेळ देऊनही पट्टीच्या डोळ्याला फरक पडत नसेल, किंवा घरातलं मूल संध्याकाळ झाली की अडखळत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो आणि तो वेळेत उपचार केले तर बरा होतो; काही प्रकार मात्र आनुवंशिक असतात, त्यांचं निदान तपासणीतूनच होतं.