बेंचवरून रायफल चालवताना: पिशवी हलवा, रायफल नको

बेंचवर रायफल टेकवली की नेम आपोआप लागतो, असं वाटतं खरं. पण टेकवायची कुठे, यावरच सगळं आहे. पुढची वाळूची पिशवी दांड्याच्या, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते त्याच्या, पुढच्या भागाखाली हवी, नळीखाली कधीच नाही. नळी कशाला टेकली की गोळी सुटतानाची तिची थरथर बदलते आणि गोळी भलतीकडे जाते. पट्ट्याची कडी पिशवीत अडकत नाही ना, तेही बघा. हे हमखास विसरतं.

मागची पिशवी दस्त्याखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाखाली. मोकळ्या हाताने ती आवळली की दस्ता उचलला जातो आणि नेम खाली येतो, सैल सोडली की वर जातो.

आता बोट चापाबाहेर ठेवून नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि उघडा. नेम सरकलेला दिसला तर रायफल दामटून जागेवर आणू नका. पिशवी सरकवा, नाहीतर खुर्ची. दामटलेली रायफल चाप ओढताच परत निसटते, आणि नेम कोनाच्या एका मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, जरी हलला तरी 100 मीटरवर गोळी जवळपास 2.9 सेंटिमीटर सरकते!

चाप सरळ मागे ओढा, गोळी गेल्यावरही क्षणभर तसाच धरा. नळी तापली की थांबा.