कोजागिरीचा बेत: दूध जमलं, घारगे तेलकट झाले

बेत साधाच: लाल भोपळ्याचे घारगे आणि मसाला दूध. पहिल्या घाण्याचे घारगे तेल पिऊन मऊ पडले. दोष पिठाचा होता. भोपळ्याला पाणी सुटतं, गूळ विरघळला की मिश्रण आणखी पातळ होतं. कणीक वाढवली तर घारगे चिवट, कमी घातली तर तेलकट.

उपाय आटवण्यात आहे. 2 वाट्या भोपळ्याचा कीस चमचाभर तुपावर वाफवून घ्या. 1 वाटी चिरलेला गूळ घाला आणि मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत परता. पूर्ण गार झाल्यावरच चिमूटभर मीठ, जायफळ, 2 चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक (साधारण 2 वाट्या) घालून मळा. पाण्याचा थेंबही नको. पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट हवं. मळून फार वेळ ठेवू नका, गुळामुळे ते सैल पडतं.

तेल मध्यम तापलेलं हवं: पिठाची गोळी टाकली की सावकाश वर आली पाहिजे. आच मोठी असेल तर गूळ करपतो, घारगा बाहेरून काळा आणि आत कच्चा राहतो.

दुधाला फारसं काही लागत नाही. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळा, 1 लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवा, कडेची साय खरवडून आत ढकलत राहा. बदाम-पिस्ते साखरेबरोबरच दळा, म्हणजे तेल सुटून गोळा होत नाही. जायफळ घारग्यांत आहेच. दुधात वेलची आणि केशर पुरे.