युरोपात दोघं मिळून ट्रेनने फिरताय? या चुका टाळा

उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईहून मला फोन यायला लागतात, कारण मी जर्मनीत कोलोनला राहते. बेत साधारण ठरलेला असतो: दोघं मित्र, पाच-सहा शहरं, सगळा प्रवास ट्रेनने. बेत छानच आहे. पण दर वर्षी त्याच त्या चुका होतात आणि त्यातल्या बहुतेक निव्वळ घाईमुळे होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समोर दिसेल त्या डब्यात चढणं. ‘आत तर शिरू, मग चालत जाऊ जागेवर.’ आपल्याकडे व्हेस्टिब्यूलमधून हे जमतं. जर्मनीत मात्र पुष्कळदा दोन गाड्या जोडून एक केलेली असते. बर्लिनहून पश्चिमेला येणाऱ्या काही आयसीई, म्हणजे जर्मनीच्या वेगवान गाड्या हाम स्टेशनात वेगळ्या होतात. एक भाग हागेन, वुपरटालवरून कोलोनला येतो, दुसरा डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फकडे जातो. जोडाच्या ठिकाणी दोन्ही बाजूंना ड्रायव्हरच्या केबिन असतात, त्यामुळे धावत्या गाडीत एका भागातून दुसऱ्यात जायला वाटच नसते.

माझ्या मावसभावाचा मुलगा आणि त्याचा मित्र अशाच गाडीने बर्लिनहून माझ्याकडे येत होते. हॅनोव्हरला मित्र पाय मोकळे करायला फलाटावर उतरला, चालत चालत लांब गेला आणि दारं बंद होताना जवळच्या दारातून आत शिरला. ते दार दुसऱ्या भागाचं. फोन त्याने जागेवर चार्जिंगला लावलेला. दोघांचं तिकीट एकत्र काढलेलं, तेही माझ्या भाच्याच्या फोनमध्ये. हाम गेल्यावर टीसी आला तेव्हा मित्राला कळलं की ही गाडी कोलोनला जातच नाही. टीसी समजूतदार होता, त्याने डॉर्टमुंडला उतरायला सांगितलं आणि स्वतःचा फोनही पुढे केला. पण कुणाचाच नंबर पाठ नव्हता! खिशात पाकीट होतं म्हणून निभावलं. मशीनमधून नवं तिकीट काढून तो साध्या गाडीने कोलोनला पोचला, तोवर माझा भाचा दोन्ही सॅका पाठीपोटाला अडकवून फलाटावर येणारी प्रत्येक गाडी बघत उभा. त्या पोराचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

फलाटावर ए, बी, सी अशा पाट्या असतात आणि कुठला डबा कुठल्या पाटीसमोर येणार ते स्क्रीनवर दिसतं. मी दहा मिनिटं आधी तिथे जाऊन उभी राहते आणि दारापाशी शेवटच्या स्टेशनचं नाव वाचल्याशिवाय पाय आत टाकत नाही. तिकीट दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. एकमेकांचे नंबर आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि चुकामूक झाली तर काय करायचं ते निघण्याआधी ठरवा. आमच्या घरचा नियम असा: जो ठरलेल्या ठिकाणी पोचेल त्याने तिथल्या चौकशी खिडकीपाशीच थांबायचं, चुकलेल्याने तिथे यायचं. दोघांनीही शोधायला निघालं की गोंधळ दुप्पट होतो.

दुसरी चूक पासची. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणारा रेल्वेचा एकच पास, घेतला की कुठल्याही गाडीत बसता येतं, हा समज काही केल्या जात नाही. फ्रान्समधल्या टीजीव्ही, इटलीतल्या फ्रेच्चारोसा, युरोस्टार या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना पास असला तरी वेगळं आरक्षण लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे. त्यात पासवाल्यांसाठीच्या जागा मोजक्याच असतात. जर्मनी, ऑस्ट्रियातल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही, तिथे पास खरा कामाला येतो. मी आधी कागदावर शहरं मांडते, प्रत्येक टप्प्याचं लवकर काढल्यास मिळणारं तिकीट बघते, मगच पासचा विचार करते. तेवढा एक तास बसायचा कंटाळा करू नका.

स्वस्त पडतं म्हणून एका प्रवासाची दोन सुटी तिकिटं काढू नका. एकाच तिकिटावर पुढची गाडी हुकली तर तुम्हाला पुढे पोचवणं रेल्वेचं काम असतं. शिवाय 60 मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे 25 टक्के, 120 मिनिटांना 50 टक्के परत मागता येतात. सुट्या तिकिटांवर गाडी हुकली तर बहुतेक वेळा भुर्दंड तुमचाच. आणि गाडी बदलायला सहा मिनिटं पुरतात असं ॲप म्हणालं तरी सामान असताना मी अर्ध्या तासाच्या खाली जात नाही. दिवसातली शेवटची गाडी तर कधीच धरत नाही.

म्युनिकहून साल्झबुर्गला जाताना दोघांना मिळून एक बायर्न-टिकेट (बव्हेरिया प्रांताचं एका दिवसाचं तिकीट) पुरतं. मात्र ते सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच चालतं, फक्त साध्या गाड्यांना चालतं आणि त्यावर दोघांची नावं असावी लागतात. लोक आठच्या गाडीत बसतात आणि दंड भरतात.

व्हेनिसला मेस्त्रेवर उतरू नका, ते जमिनीवरचं उपनगर आहे. कालव्यांजवळचं स्टेशन सांता लुचिया. इटलीत साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या. पॅरिसमध्ये गार द्यु नोर आणि गार द ल्यों ही वेगवेगळी स्टेशनं आहेत, मधे आरईआर-डी ही लोकल पकडावी लागते.

पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून दुसऱ्या देशात जाऊ नका. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, आतही गाडीत पोलीस तपासायला येतात. आणि पॅरिसहून लंडनला जायचं असेल तर शेंगेन व्हिसा चालत नाही, ब्रिटनचा वेगळा लागतो. तो भारतातूनच काढून निघा.