भरावावरच्या कॅम्पसवर नवी इमारत बांधताना

नवी मुंबई किंवा ठाण्यात कॉलेजच्या आवारात इमारत काढायची ठरली की पहिली बैठक एलिव्हेशनवर रंगते. काच किती, पोर्च केवढा, नाव कुठल्या अक्षरात. ती बैठक खुशाल होऊ द्या, पण आर्किटेक्टला अंतिम नकाशा करायला सांगण्याआधी जमीन तपासायला बोअर मारून घ्या. या पट्ट्यात वेळ आणि पैसा गिळते ती जमीन. वरचे मजले कुठलाही बरा ठेकेदार बांधतो.

एकरभराच्या (०.४ हेक्टर) जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बोअर ही भारतीय मानकातली साधी पद्धत आहे. बोअर खडक लागला की थांबवायचा नाही, खडकात आणखी तीनेक मीटर न्यायचा. रिपोर्टची पीडीएफ आली म्हणून काम झालं असंही नाही. कोअर बॉक्स, म्हणजे बोअरमधून निघालेल्या नमुन्यांची पेटी, स्वतः उघडून बघा. अखंड काळ्या बेसाल्टच्या कांड्या आहेत की मुरमाचा चुरा, हे इंजिनिअर नसलेल्या विश्वस्तालाही पाहताक्षणी कळतं.

खाडीकडच्या नोडमध्ये, म्हणजे ऐरोली, वाशी, नेरुळच्या सखल भागात, वर काही मीटर मुरूम-डबरचा भराव, त्याखाली खाडीची मऊ काळी चिकणमाती आणि त्याखाली झिजलेला, मग पक्का खडक असा क्रम बऱ्याच ठिकाणी मिळतो. इथे पाईल, म्हणजे खोल बोअरमध्ये ओतलेले काँक्रीटचे खांब, अटळ. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी याच्या उलट अडचण येते. खडक लवकर लागतो, पण सपाट नसतो. अर्धी इमारत खडकावर आणि अर्धी भरावावर बसली की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरकी भेग जाते. अशा उतारावर सगळे फुटिंग (कॉलमखालचे पाये) खडकापर्यंत न्यायचे, मग काही कॉलम जास्त खोल गेले तरी चालतील. डोंगरावरून येणारा ओहोळ आवारातून जात असेल तर तो बुजवू नका. त्याला मोकळी वाट ठेवूनच इमारत सरकवा.

पाईलच्या कामावर एक माणूस सतत उभा हवा, आणि त्याच्या हातात टेप हवी. समजा ६०० मिलिमीटर व्यासाची, १८ मीटर खोल पाईल आहे. हिशेबाने तिला ५.१ घनमीटर काँक्रीट लागतं. मऊ मातीत प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के जास्त जातं, त्यात काळजी नाही. कमी गेलं तर मात्र थांबा. बोअरची बाजू आत ढासळून पाईलची मान बारीक झाली, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि वरून ती दिसत नाही. सहा घनमीटरचा एक मिक्सर जेमतेम पुरेल, म्हणून दुसरा गेटवर आल्याशिवाय काँक्रीट सुरू करू नका. ट्रेमी पाईपचं (तळाशी काँक्रीट सोडणाऱ्या नळीचं) तोंड कायम ताज्या काँक्रीटमध्ये दोनेक मीटर बुडालेलं राहिलं पाहिजे. घाईत पाईप वर खेचला की मध्ये बेंटोनाइटचा, म्हणजे बोअरची बाजू धरून ठेवणाऱ्या पातळ चिखलाचा, थर अडकतो.

काँक्रीटच्या आधी फ्लशिंग करून (बोअर धुऊन) तळ साफ झाला का, हे टेपला लोखंडी वजन बांधून बघतात. वजन टणकन लागलं तर तळ स्वच्छ. मऊ टेकून हळूच बसलं तर खाली गाळ आहे, परत फ्लशिंग. बोअर संपल्यावरची खोली आणि काँक्रीटआधीची खोली, दोन्ही आकडे रजिस्टरला शेजारी शेजारी लिहून घ्या. पाईलचं डोकं ठरलेल्या पातळीच्या वर ओतून नंतर तोडतात, कारण वरचं काँक्रीट चिखल मिसळलेलं असतं. मोठ्या ब्रेकरने ते तोडायला दिलं तर तडा खालच्या चांगल्या भागात उतरतो. शेवटचा भाग छोट्या ब्रेकरने किंवा छिन्नीनेच काढायचा.

प्लॉट रस्त्यापेक्षा उंच करायला नवा भराव टाकणार असाल तर ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाईलचं डिझाइन करण्याआधी सांगा. त्या वजनाने खालची माती वर्षानुवर्षं दबत जाते आणि खचताना पाईललाही खाली ओढते. हा बोजा डिझाइनमध्ये धरलेला नसेल तर नंतर तो उतरवता येत नाही.

पाईल नीट झाली की सगळे निश्चिंत होतात, आणि घोटाळा नेमका तिथूनच सुरू होतो. इमारत जागच्या जागी राहते, भोवतालची जमीन बसते. तळमजल्याची फरशी भरावावर पीसीसी (सळई नसलेलं काँक्रीट) टाकून केलेली असेल तर ती खचते आणि पार्टिशनच्या भिंती लोंबतात. भिंतीतून बाहेर पडणारा ड्रेनेजचा पाईप पहिल्या चेंबरपाशी मोडतो, आणि वास आला की मगच कळतं. उपाय सुरुवातीलाच करायचे असतात. तळमजल्याला प्लिंथ बीमवर (जोत्याच्या तुळईवर) आधारलेला, जमिनीवर न टेकलेला स्लॅब घ्या. त्याखालचे पाईप मातीत गाडू नका, स्लॅबलाच हँगरने टांगा. भिंतीबाहेर लवचिक जोड द्या. रॅम्पकडे तर सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. ६०० मिलिमीटरच्या प्लिंथला एकास बारा उताराने ७.२ मीटर रॅम्प लागतो. तो भरावावर बांधला आणि जमीन दहा सेंटिमीटर बसली, तर दाराशी दहा सेंटिमीटरची पायरी तयार होते आणि व्हीलचेअर तिथेच अडते. म्हणून रॅम्पचा वरचा स्लॅब एका बाजूने प्लिंथ बीमवर टेकवून ठेवायचा, जमीन बसली तर तो थोडा कलेल पण पायरी पडणार नाही.

आता तारखा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस सुरू होईल असं धरायचं आणि सप्टेंबरअखेर तो संपेल असं. ऑक्टोबरमध्ये पाईलिंग सुरू, मेअखेर प्लिंथ भरून वर. हे जमलं नाही तर खड्ड्यात चार महिने पाणी, पंप आणि ढासळलेल्या कडा. प्लिंथ झाल्यावर महापालिकेची जोते तपासणी असते. तिचा अर्ज आधीच तयार ठेवा, नाहीतर कामगार बसून पगार खातात. वरचे स्लॅब पावसातही होतात, फक्त ओतण्याच्या दिवशी ताडपत्री जागेवर हवी. बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र उन्हाळ्यातच उरकायचं, आणि गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालची छतं बघायची.

या वेळापत्रकावर दुसरं एक वेळापत्रक बसतं, ते परीक्षांचं. शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर तो नियम तुमच्या स्वतःच्या कामालाही लागू होतो. दिवसा ५० डेसिबलची मर्यादा ब्रेकर पहिल्याच मिनिटाला ओलांडतो. म्हणून खडक फोडणं आणि पाईलची डोकी तोडणं दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बसवा, आणि परीक्षा विभागाचं वेळापत्रक निविदेलाच जोडा. ठेकेदाराला नंतर सांगितलं की तो त्याचे पैसे मागणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

काँक्रीटबाबत खाडीची खारी हवा विसरू नका. समुद्री हवेच्या संपर्कातल्या भागांना आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम ३० ग्रेड, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचं आवरण) लागतं. एम ३५ घेतलं तर कव्हर ४० चालतं. कव्हर ब्लॉक त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे हवेत. फरशीचे तुकडे सळईखाली सरकवलेले दिसले तर ते तिथेच काढायला लावा. छज्जे आधी याच कारणाने सुटतात.

हा भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरून डिझाइन होतात आणि शैक्षणिक इमारतीला महत्त्व गुणक, म्हणजे इमारतीच्या महत्त्वाप्रमाणे भूकंपाचा बोजा वाढवणारा आकडा, १.५ घेतात. कॉलम-बीमच्या जोडावर त्यामुळे सळयांची दाटी होते, आणि फिटरला नेमक्या जोडातल्या रिंगा घालणं जिवावर येतं. त्या गाळल्या जातात. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक जोडात बोट घालून रिंगा मोजा. रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळलेलं आणि किमान ६५ मिलिमीटर लांब हवं. ९० अंशाचा हुक बांधायला सोपा, भूकंपात उघडतो.

२० बाय ३० मीटरचा, १५० मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे ९० घनमीटर. बीम धरून १३० समजू. सहाच्या मिक्सरच्या २२ खेपा होतात. लोड झाल्यापासून दोन तासांत काँक्रीट रिकामं झालं पाहिजे, आणि घोडबंदर रोडवर गर्दीच्या वेळी अवजड वाहनं अडवली जातात. वाहतूक पोलिसांच्या चालू वेळा पाहूनच ओतण्याची वेळ ठरवा. उशिरा आलेल्या मिक्सरमध्ये ड्रायव्हर पाणी टाकतो, ही सगळ्यात जुनी गोष्ट. एवढ्या काँक्रीटला सहा नमुने, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीला १८ क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे). सात दिवसांचे क्यूब त्याशिवाय. स्लॅबखालचे टेके साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस. सभागृहाचे लांब बीम असतील तर हे दिवस वेळापत्रकात आधीच घाला.

खोल्यांचा वापरही आताच लिहून द्या. वर्गाला चौरस मीटरला साधारण ३०० किलो बोजा धरतात, पुस्तकांच्या रॅकला ६०० किलो किंवा जास्त. तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग पाच वर्षांनी ग्रंथालय करायचा असा बेत आधीच ठरलेला असतो, सांगितला कोणी जात नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. नकाशे डिसेंबर २०२० च्या यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे) मंजूर होतात, पण कोणाकडे ते पत्त्यावर ठरतं. नेरुळ नवी मुंबई महापालिकेत, खारघर पनवेल महापालिकेत. सिडकोचा भाडेपट्टा असेल तर करारातला वापर आणि बांधकामाची मुदत आधी वाचा, मुदत चुकली की जादा अधिमूल्य भरावं लागतं. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा आणि सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषा सर्वेक्षणात दाखवून घ्या. येऊरकडे राष्ट्रीय उद्यानाचं २०१६ चं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र बघा. नवी मुंबई विमानतळामुळे उंचीचा दाखला आता औपचारिकता राहिलेली नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरवर गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते. शैक्षणिक इमारतींना जानेवारी २०२५ मध्ये दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केली, तेव्हा जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. अग्निशमनासाठी जिना किमान दीड मीटर रुंद, २४ मीटरवरच्या इमारतीला दोन मीटर. लायसन्सधारक एजन्सीचा फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, त्याची नोंद आस्थापना विभागाकडे आत्ताच करा.

ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळून वर्ग सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर ऑक्टोबरमध्ये इमारतीभोवतीच्या चेंबरची झाकणं उघडून बादलीभर पाणी ओता. ते गेटकडे जातंय की इमारतीकडे परत येतंय, बघा.