वस्तीत कॅमेरा घेऊन उतरण्याआधी

शहरातल्या एखाद्या भागाचे फोटो काढायचे ठरले की बहुतेकजण आधी बॅग भरायला घेतात. यादीत पहिलं नाव मात्र नकाशाचं असावं. अख्खं शहर एका फेरीत हाती लागत नाही. पायी अर्ध्या तासात आरपार जाता येईल एवढाच भाग निवडा: एक बाजारपेठ आणि तिच्या मागचे बोळ, स्टेशनाभोवतीची जुनी वस्ती, नाहीतर नदीचा एका पुलापासून पुढच्या पुलापर्यंतचा काठ. नकाशावर त्याच्या कडा पेन्सिलीने आखा आणि त्या ओलांडायच्या नाहीत असं ठरवून टाका. हद्द लहान ठेवली की एकाच चौकात पुन्हा पुन्हा येणं होतं. पहिल्या फेरीत नजर मोठ्या वास्तूवर जाते, नंतरच्या फेऱ्यांत तिच्या पायरीवर रोज त्याच वेळी येऊन बसणारा माणूस दिसू लागतो. आपल्याला दोन्ही हवंय.

त्याच नकाशावर प्रत्येक महत्त्वाच्या इमारतीपुढे एक बाण काढा. तिचं तोंड ज्या दिशेला, तिकडे बाण. पूर्वाभिमुख दर्शनी भिंत सकाळी उजळते, पश्चिमेकडची दुपारनंतर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऐनवेळी तिथे पोचल्यावर सूर्य नेमका इमारतीच्या पाठीमागे निघतो, कारण दिशा आधी कुणी बघितलेलीच नसते. उत्तरेकडे तोंड असलेल्या वास्तूंसाठी वेगळी खूण करा. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या शहरांत अशा भिंतीवर थेट ऊन पडतं ते उन्हाळ्याच्या महिन्यांतच, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा. बाकी वर्षभर तिच्यासाठी पातळ ढगांचा दिवस किंवा तिन्हीसांजेची वेळ राखून ठेवावी. अरुंद बोळांचा हिशेब याच्या उलट. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते माध्यान्हीच्या आसपास. भरदुपारी कॅमेरा बॅगेत ठेवावा हा सल्ला मोकळ्या मैदानासाठी ठीक आहे, दोन्हीकडे उंच भिंती असलेल्या गल्लीसाठी नाही.

सूर्य मावळल्यावर आकाशाची निळाई आणि दिव्यांचा उजेड काही काळ तोलास तोल असतात. हा काळ बऱ्याच ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो; विषुववृत्ताजवळ त्याहून कमी, ध्रुवांकडे सरकावं तसा जास्त. तेवढ्यात तीन वास्तू उरकण्याचा बेत करू नका. एका संध्याकाळी एकच जागा, आणि तिथे सूर्य असतानाच जाऊन उभं राहायचं.

आता माणसांचं वेळापत्रक, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हेच सर्वांत मोलाचं. शक्य असेल तर पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय करा, हातात फक्त वही. दुकानांच्या फळ्या कधी उघडतात, माल कुठल्या बाजूने उतरतो, शाळा कधी सुटते, कामगारांची पाळी कधी बदलते, प्रार्थनेला गर्दी कोणत्या दिवशी, साप्ताहिक सुट्टी कधी, दुपारी सावली कोणत्या कट्ट्यावर येते आणि तिथे कोण टेकतं, हे सगळं तासांसकट उतरवा. मग उन्हाचा तक्ता आणि माणसांचा तक्ता शेजारी ठेवा. वास्तूवर चांगला उजेड आहे आणि त्याच वेळी समोरचा बाजार भरात आहे, असे तास दिवसात फार थोडे सापडतात. त्यांच्याभोवतीच दिवस आखायचा.

माणसांच्या वेळापत्रकावर एवढा भर देण्याचं कारण छायाचित्रणाच्या सुरुवातीपासूनचं आहे. १८३८ साली छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई डॅगेरने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचं छायाचित्र उंच खिडकीतून घेतलं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येत राहण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं. घरं, झाडं, छपरं लख्ख उमटली. घोडागाड्या आणि चालती माणसं मात्र पुसून गेली. कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेण्यासाठी उभा राहिलेला एक माणूस तेवढा ओळखू येण्याइतका टिकला. आज शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटतं, तरीही वास्तूंच्या फोटोंत माणसं नसतात, कारण रस्ता रिकामा होण्याची वाट पाहायची सवय लागलेली असते. ती सोडून द्या. घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो कुणीही कधीही काढू शकतं. त्या मनोऱ्याकडे बघून आपली गाडी चुकली का ते ताडणारा माणूस फक्त आजच तिथे आहे.

जाण्याआधी त्या भागाची जुनी छायाचित्रं शोधा. ग्रंथालयं, अभिलेखागारं, नगरपालिकांचे संग्रह यांत ती असतात, आणि बरीचशी मुद्दाम नोंद म्हणूनच काढलेली असतात. पॅरिसचे जुने रस्ते पाडून रुंद करायचे ठरले तेव्हा शहराच्या प्रशासनाने शार्ल मारव्हिल या छायाचित्रकाराकडून ते टिपून घेतले. ग्लासगोत थॉमस अ‍ॅननने १८६८ ते १८७१ या काळात पाडकामाच्या वाटेवर असलेले दाटीवाटीचे बोळ नोंदवले. बेरेनिस अ‍ॅबटने १९३०च्या दशकात न्यूयॉर्क बदलत असतानाच ते रस्त्यारस्त्याने टिपलं. जुनं चित्र मिळालं तर त्याची प्रत सोबत ठेवा आणि त्याच जागेवरून पुन्हा फोटो घ्या. उभं राहायची जागा शोधायची युक्ती सोपी आहे: चित्रातली जवळची एक उभी कड आणि लांबची एक कड निवडा, समजा भिंतीचा कोपरा आणि त्यामागची खिडकी. त्या दोहोंमधलं अंतर चित्रात जेवढं, तेवढंच डोळ्यांना दिसेपर्यंत डावीउजवीकडे, पुढेमागे सरका. लेन्स बदलल्याने चौकट लहानमोठी होते. वस्तू एकमेकींच्या तुलनेत कुठे दिसतात हे फक्त तुमच्या पायाखालची जागा ठरवते. सावल्या जुळवता आल्या तर ऋतू आणि प्रहरही जुळतो.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं आहे, तरी ते घरी बसूनच उरकावं. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला बऱ्याच देशांत मुभा असते, पण तिच्या मर्यादा सारख्या नसतात. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये इमारतींच्या आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पांच्या फोटोंना सूट आहे. फ्रान्समध्ये आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो मोकळा आहे, रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि त्या फोटोच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते. जर्मनीत सवलत आहे ती सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या दृश्याला. समोरच्या घरातून काढलेला फोटो त्यात बसत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००३ मध्ये दिला. म्हणजे फोटो कुठे छापायचा आणि कुठून काढायचा, हे दोन प्रश्न निघण्याआधी स्वतःला विचारा. लष्करी ठाणी, विमानतळ, रेल्वेचा परिसर आणि प्रार्थनास्थळांचा आतला भाग यांचे नियम वेगळे असतात. पुष्कळ ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याला कुणी काही म्हणत नाही आणि ट्रायपॉडचे पाय उघडले की पहारेकरी येतो, म्हणून ट्रायपॉडबद्दल वेगळं विचारून घ्या. मिळालेली परवानगी कागदावर छापून जवळ ठेवा. ड्रोन उडवायचा असेल तर त्याची तयारी पूर्णपणे निराळी, तिला या यादीत जागा नाही.

कायदा परवानगी देतो म्हणून प्रत्येक फोटो काढावाच असं नाही. काय काढणार नाही, हे आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. समोर दृश्य आल्यावर मन स्वतःला सवलती देतं. माझ्या पानावर रस्त्यावर झोपलेली माणसं आहेत, इस्पितळाच्या दारातली माणसं आहेत, आणि पालकांचा होकार नसताना ओळखू येणारी लहान मुलं आहेत. गर्दीच्या रस्त्याचा फोटो विचारून काढता येत नाही, पण कुणी हात आडवा केला तर कॅमेरा तिथेच खाली यायला हवा, आणि पुसून टाका म्हटलं तर समोरासमोर पुसायला हवा. एखादा कारागीर कामात असेल तर आधी बोला. काम पाहा, विचारा, मग कॅमेरा काढा. सुरुवातीचा सावधपणा ओसरून तो पुन्हा कामात बुडाला की खरा फोटो तेव्हाच मिळतो. भाषा परकी असेल तर ‘फोटो काढू का?’ आणि ‘आभारी आहे’ एवढी दोन वाक्यं तरी तोंडपाठ करून जा.

सामान कमी ठेवा. एक कॅमेरा, एक लेन्स. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते: माणूस आणि त्याच्यामागची इमारत दोन्ही त्यात येतात, आणि त्यासाठी माणसाच्या जवळ जावं लागतं. लांबून चोरून काढणारी लांबलचक टेलिफोटो घरी राहू द्या. गर्दीत फोकस साधायला वेळ नसतो, म्हणून एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान ठेवून, तीन मीटरवर फोकस कायम करून ठेवा. ३५ मिमीला जवळजवळ दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. चालत्या माणसाला शटर १/२५० सेकंद चालतं, सायकलीला १/५००, धावत्या मुलाला १/१०००. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) आपोआप बदलू द्या, फक्त शटरच्या वेगाची खालची मर्यादा बांधून टाका. रात्री दुकानांच्या दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा वेळी इलेक्ट्रॉनिकऐवजी मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवा. ६० हर्ट्झच्या देशांत १/१२० किंवा १/६०. फोनने काढणार असाल तर हे बरंचसं फोनच सांभाळतो. तुमच्याकडे उरतं लेन्स पुसणं. बोटांच्या तेलाने दिव्यांभोवती जी धुरकट वलयं येतात, ती नंतर धड जात नाहीत.

इमारतीसाठी पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू करून ठेवा. कॅमेरा वर कलला की उभ्या भिंती वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात. मागे जा, समोरच्या जिन्यावर किंवा पहिल्या मजल्यावर जायला मिळालं तर तिथून घ्या. तेही जमत नसेल तर चौकटीत चारी बाजूंना मोकळी जागा सोडा, कारण नंतर सरळ करताना कडा कापल्या जातात.

जादा बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डं, मऊ कापड, पावसासाठी प्लास्टिकची पिशवी, पाणी, पायांना सवयीचे बूट. कॅमेऱ्याच्या घड्याळाची वेळ आणि तारीख तपासा. थंडगार खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद बॅगेतच थोडा वेळ राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

काय काय टिपायचं याचीही मनात रूपरेषा हवी, आणि इथे मी थोडा आग्रह धरतो. प्रत्येक वास्तूचा समोरून एक सरळ फोटो घ्याच, तो नोंदीसाठी लागतो. त्यानंतर तिच्यापासून दूर जा. दोन गल्ल्या पलीकडून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर तिचा कळस किंवा घुमट कसा डोकावतो ते पाहा. तिथे राहणाऱ्यांना ती वास्तू रोज तशीच दिसते. मग तिच्या मागच्या बाजूला जा. दर्शनी भाग पाहुण्यांसाठी सजवलेला असतो, मागच्या दाराने कचरा निघतो, सामान येतं, सफाईवाले दोन घटका बसतात, मांजरं ऊन खातात. मग अगदी जवळ या: हातांनी झिजलेला कठडा, एकावर एक रंगवलेल्या पाट्यांचे थर, पायरीला मधोमध पडलेली खळगी. शेवटी एका जागी ठिय्या द्या, पाठ भिंतीला लावून, आणि चौकट न हलवता तासभर त्यातून कोण कोण जातं ते टिपा. फिरत राहणाऱ्याला रस्ता दिसतो, बसून राहणाऱ्याला शेजार दिसतो. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, बसथांबे, टेलिफोनच्या तारा चौकटीतून हुसकावू नका. पुढे कुणी तारीख ओळखेल ती त्यांच्यावरूनच.

वही दिवसभर हातात राहू द्या. युजीन अ‍ॅटजे या छायाचित्रकाराने पॅरिसचे रस्ते, दुकानांच्या काचा, दरवाजे वर्षानुवर्षं टिपले आणि ते ग्रंथालयांना व संग्रहालयांना विकले. जागेच्या नावांसह जपले गेल्यामुळे ते फोटो आजही नोंद म्हणून वापरता येतात. रस्त्याचं नाव, तुमचं तोंड कोणत्या दिशेला होतं, दुकान कशाचं, कोण काय म्हणालं, एवढं जागच्या जागी लिहा.

घरी आल्यावर त्याच रात्री फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, आणि त्याआधी कार्ड पुसू नका. फाइलच्या नावात तारीख घाला, वहीतल्या नोंदी फोटोच्या माहितीत टाका. कुणाच्या घराच्या आतला किंवा दाराशी काढलेला फोटो दुसऱ्यांना पाठवणार असाल तर त्यातले ठिकाणाचे निर्देशांक (अक्षांश-रेखांश) काढून टाका. ज्यांना फोटो देतो म्हणालात त्यांची यादी वेगळी करा, प्रती छापून घ्या, मागे तारीख लिहा, आणि पुढच्या फेरीच्या बॅगेत त्या सर्वांत वर ठेवा.