रंग जपा, वायरिंग बदला : जुन्या अमेरिकी बिअर-पाट्यांची दुरुस्ती

बिअरची जुनी, दिव्याची पाटी घरी आली की पहिला हात प्लगकडे जातो. तो आवरा. पन्नास-साठ वर्षं बारच्या भिंतीवर तापलेल्या वायरीचं रबर बोट लावताच भुकटी होऊन गळतं, आणि पाटीची पेटी बहुतेक वेळा पत्र्याची असते. आत कुठे उघडी तार पत्र्याला टेकली असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

पूर्ण कामाला एकच कसोटी लावा. काचेवरचा रंग, प्लास्टिकवरची छपाई आणि सरकत्या चित्राची फिल्म हा पाटीचा चेहरा. तो गेला की गेला. वायर, होल्डर, चोक, मोटर मात्र आजही मिळतात. म्हणून चेहऱ्याला शक्य तितका कमी हात लावा आणि विजेच्या बाबतीत अजिबात भावनिक होऊ नका. नवशिक्यांकडून नेमकं उलट होतं. ते जुनी वायर ‘ओरिजिनल’ म्हणून ठेवतात आणि काच घासून लख्ख करतात.

विकत घेताना

अमेरिकेत 7 एप्रिल 1933 पासून कमी अल्कोहोलची बिअर पुन्हा कायदेशीर झाली आणि त्याच वर्षी 5 डिसेंबरला दारूबंदी पूर्ण उठली. मग कंपन्यांनी बारमालकांना पाट्या पुरवायचा सपाटा लावला. 1930च्या दशकातल्या पाट्या म्हणजे मुख्यतः निऑन, नाहीतर मागच्या बाजूने रंगवलेली काच आणि तिच्यामागे साधे बल्ब. युद्धानंतर ट्यूबलाइट आणि साच्यातून काढलेलं प्लास्टिक आलं, आणि पुढे हलणारी चित्रं. सेंट पॉलच्या हॅम्स कंपनीची ‘सीन-ओ-रामा’ ही त्यातली सर्वांत लाडकी. नदी, धबधबा, होडी, तंबू असं लांबलचक दृश्य तिच्या पडद्यावरून संथपणे सरकत राहतं.

वय ओळखायला पाटीच्या मागचं किंवा कडेचं लेबल वाचा. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल, उदाहरणार्थ ‘शिकागो 13’, तर लेबल साधारण 1943 ते 1963 या काळातलं. पाच आकडी झिप कोड 1963 साली आला, म्हणजे तो असलेली पाटी त्याआधीची असूच शकत नाही. विक्रेता 1950ची म्हणून सांगत असेल तर तिथेच बोला. छपाईवर दहापट भिंग धरा. जुन्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंग सलग, जाड थरासारखा दिसतो. रंगीत बारीक ठिपक्यांचा फवारा दिसला तर ती अलीकडची इंकजेट प्रत आहे.

किंमत ठरवताना आधी चेहरा बघा. मोटर बंद, वायर तुटलेली, चोक जळालेला हे सगळं घासाघिशीला उपयोगी, पण घाबरण्यासारखं नाही. काचेमागचा रंग पोपडे धरून सुटत असेल, प्लास्टिक बल्बसमोर वितळून फुगलं असेल किंवा अक्षरं नव्याने रंगवली असतील तर मात्र विचार करा. फिकट पण मूळ रंगाची पाटी आम्हाला नव्याने रंगवलेल्या झगझगीत पाटीपेक्षा केव्हाही जास्त मोलाची वाटते.

उघडण्याआधी

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेचं नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. काच किंवा प्लास्टिक बाहेर काढताना पाटी उभी न ठेवता मऊ टॉवेलवर आडवी ठेवा. कारण स्क्रू निघाले की वरची पट्टी सुटते आणि चेहरा आपल्या वजनाने खाली घसरतो. पत्र्याची पेटी रिव्हेटने बंद असेल तर 3.2 मिमीच्या ड्रिल बिटने फक्त रिव्हेटचं डोकं उडवा, भोक मोठं करू नका.

वीज

सगळ्या वायरी बदला. थोडीफार बरी दिसतेय म्हणून जुनी ठेवू नका. बाहेरून धड दिसणारी वायर होल्डरच्या आत, जिथे ती सर्वांत जास्त तापते, तिथेच तडकलेली असते. 105 अंश सेल्सिअसला टिकणारी 18 गेजची वायर अशा पाट्यांना पुरते; भारतात 0.75 चौरस मिमीची घ्या. पत्र्याच्या पेटीला तीन तारांची कॉर्ड लावा आणि हिरवी अर्थची तार रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर, दातेरी वॉशरखाली घट्ट कसा. रंगावरच कसली तर अर्थ लागतच नाही. कॉर्ड पेटीत शिरते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी, हवीच. नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. फेज होल्डरच्या तळाच्या टिकलीला आणि न्यूट्रल आट्यांच्या कवचाला जोडा. उलटं झालं तर बल्ब बदलताना बोट थेट फेजवर पडतं. फेजच्या तारेत 1 अँपिअरचा फ्यूज घाला. पाटीत मोठे साधे बल्ब असतील तर 2 अँपिअरचा.

वायरिंग झाल्यावर पहिली चाचणी थेट सॉकेटवर नको, सिरीज बोर्डवर करा. म्हणजे फेजमध्ये 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि त्याच्या पुढे पाटी. बल्ब पूर्ण प्रखर पेटला की पाटीत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद पेटला तर ठीक. सिरीजमध्ये ट्यूब पेटणार नाही, तो दोष समजू नका.

ट्यूबच्या पाट्यांत 18 इंची 15 वॅटची किंवा 24 इंची 20 वॅटची जाड ट्यूब नेहमी आढळते आणि त्या दोन्हींना एफएस-2 स्टार्टर लागतो. दोन्ही टोकं सतत लाल आणि मधे अंधार असेल तर स्टार्टरचे संपर्क चिकटलेले आहेत, तो बदला. टोकं काळी आणि पाटी लुकलुकते, तर ट्यूब संपली. काहीच होत नसेल तर मल्टिमीटरने आधी ट्यूबचे दोन्ही फिलामेंट आणि मग चोक तपासा. चोकमधून प्रवाहच जात नसेल तर तो तुटला. नुसती घरघर असेल तर चोकचे स्क्रू कसा आणि खाली रबरी वॉशर घाला. चोकमधून डांबरासारखं काही गळालं असेल तर उघड्या हाताने पुसू नका. 1979 पूर्वीच्या काही अमेरिकी चोकांच्या कॅपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असे. हातमोजे घाला, गळालेला चोक पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्यात द्या.

एलईडी लावावी का? चेहऱ्याच्या दृष्टीने हो. उष्णता कमी, आणि शाई फिकी करणारे अतिनील किरण जवळजवळ नाहीत. काचेच्या पाटीला 2700 केल्विनचा पिवळसर प्रकाश घ्या, ट्यूबच्या पाटीला 4000च्या आसपासचा. 6500चा निळसर पांढरा टाळा. त्यात लाल आणि सोनेरी रंग मेलेले दिसतात. पट्टी चेहऱ्याच्या फार जवळ लावली तर ठिपके दिसतात, तेव्हा मधे दुधी डिफ्यूझर द्या. एलईडी ट्यूब थेट जोडायची असेल तर चोक आणि स्टार्टर सर्किटमधून काढायला विसरू नका. काढलेले जुने भाग फेकू नका, पाटीबरोबर ठेवा.

दोन ठिकाणी मात्र एलईडी चालत नाही. काही पाट्यांत बल्बवर सुईच्या टोकावर टेकवलेला नळकांड्याचा पंखा असतो. तो फिरतो बल्बच्या गरम हवेने, मोटर नसतेच. एलईडी लावली की पंखा थांबतो, आणि मग लोक नसलेली मोटर शोधत बसतात. बुडबुडे सोडणाऱ्या नळ्यांचंही तेच. त्यातला मिथिलीन क्लोराइडसारखा द्रव चाळीस अंशांच्या आसपास उकळतो आणि ती ऊब बल्बच देतो. अशा ठिकाणी लेबलवर लिहिलेल्या वॅटचाच साधा बल्ब हवा, जास्तीचा नको. नळी फुटली तर खिडक्या उघडा, वाफ विषारी असते.

काच

मागून रंगवलेल्या काचेची समोरची बाजू धुता येते, मागची नाही. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, कापड ओलं करून घट्ट पिळलेलं, आणि पुसणं मधून कडेकडे. फवारा काचेवर मारू नका. पाणी चौकटीच्या खाचेतून मागे झिरपतं आणि रंगाखाली शिरतं. मागच्या बाजूची धूळ फक्त मऊ ब्रशने, तीही रंग घट्ट असेल तरच. एका कडेला ब्रश टेकवून बघा. ब्रशला रंगाचा कण लागला तर थांबा.

रंग सुटतो कारण काच आणि रंग तापल्यावर वेगवेगळे पसरतात, आणि तळघराची ओल त्यांच्यामधली पकड सैल करते. पोपडे बसवायला संग्रहालयांत पॅरालॉइड बी-72 हे रेझिन वापरतात, पण ते ज्या द्रावकात विरघळवतात त्यातच जुना रंगही विरघळू शकतो. चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी न करता पुढे जाऊ नका. महत्त्वाची काच असेल तर हे काम संवर्धकाकडेच द्या.

उडालेल्या रंगाची जागा काचेवर भरायची नाही. पातळ पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म काचेमागे ठेवून तेवढ्याच आकाराचा रंग फिल्मवर द्या. दिवा लागल्यावर भोक दिसत नाही, आणि उद्या कुणाला काढायचं झालं तर फिल्म उचलली की पाटी होती तशी. पाठीमागून पूर्ण नवा थर मारलेली काच आम्ही बाद धरतो.

प्लास्टिक

बारमधल्या पाटीचा पिवळेपणा बऱ्याचदा सिगारेटच्या धुराचा असतो आणि तो कोमट पाणी आणि साबणाने उतरतो. पाणी तपकिरी होईल, दोन-तीन वेळा बदला. त्यानंतरही राहणारा पिवळेपणा उन्हाचा. तो प्लास्टिकच्या आत असतो. त्यावर पेरॉक्साइडचे प्रयोग छापील चेहऱ्यावर करू नका. ॲसिटोन, थिनर, अमोनियावाला काच-क्लीनर यांचा स्पर्शही नको. ॲक्रिलिक आणि स्टायरिनवर त्यांनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, आणि त्या कधी भरत नाहीत. बारीक ओरखड्यांना नोव्हस 2 आणि मग नोव्हस 1 पॉलिश चालतं, फक्त ज्या बाजूला छपाई नाही त्या बाजूला.

तडा वाढत असेल तर त्याच्या अगदी टोकाला 1.5 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो तिथेच थांबतो. मग मागून, त्याच प्लास्टिकच्या पट्टीचा आधार देऊन, सुईच्या बाटलीतून सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लास्टिक किंचित विरघळवून जोडणारा पातळ द्रव, तड्यात ओढू द्या. सुपरग्लू टाळा. त्याची वाफ आजूबाजूला पांढरा धूर बसवते आणि दिवा लागला की तो डाग उठून दिसतो.

मोटर आणि सरकती फिल्म

हलणाऱ्या पाटीत बहुधा सिंक्रोनस मोटर असते, म्हणजे जिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो अशी. बदली मोटर घेताना फेरे प्रति मिनिट, दांड्याचा व्यास आणि दांड्याकडून पाहिल्यावर फिरण्याची दिशा, या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. जुनी मोटर अडली असेल तर सहसा तिचं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. उघडता येत असेल तर नॅफ्थाने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब बेअरिंगला द्या. गंज सोडवायचे स्प्रे इथे कामाचे नाहीत. आठवडाभर चालते आणि पुन्हा अडते.

फिल्म एका बाजूला सरकून कड कुरतडली जाते ती रूळ समांतर नसल्यामुळे. दोन्ही टोकांना रुळांमधलं अंतर मोजा, फरक शून्यावर आणा, मगच फिल्म चढवा. जोड उघडला असेल तर पॉलिएस्टर टेप दोन्ही बाजूंनी लावा. साधी सेलोटेप उष्णतेने पाझरते आणि शेजारच्या थराला चिकटते. ट्यूबवर अतिनील किरण अडवणारी पारदर्शक नळी चढवली तर फिल्मचा रंग टिकायला मदत होते.

निऑन

इथे घरगुती काम थोडंच. ट्रान्सफॉर्मरचा दाब काही हजार व्होल्टपासून 15,000 व्होल्टपर्यंत असतो, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय ब्रशदेखील लावू नका. धूळ कोरड्या ब्रशने काढा. अक्षरांमधली काळ्या रंगाने झाकलेली नळी घासू नका. लाल-केशरी उजेड निऑनचा, निळा आर्गॉन आणि पाऱ्याचा. म्हणून निळी नळी फुटली तर काचा झाडूने लोटू नका, ओल्या कागदाने उचलून बंद डब्यात भरा. तुटलेलं अक्षर नळी वाकवणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावं लागतं. त्याला नळीचा व्यास, रंग आणि अक्षराचा मूळ मापाचा कागदी नकाशा द्या.

पाटी भारतात आणत असाल तर

न्यू जर्सीहून पुण्याला सामान हलवताना पाटी सोबत आली की लोक 230 ते 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतात आणि काम झालं असं समजतात. व्होल्ट उतरतात, पण फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच राहते. पाटी 60साठी बनवलेली. चोकचा अवरोध सुमारे सतरा टक्के कमी होतो, प्रवाह वाढतो आणि चोक तापून जळतो. सिंक्रोनस मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते. पाटीत विजेचं घड्याळ असेल तर ते तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

उपाय सोपा आहे. ट्यूब आणि चोक काढून 230 व्होल्टची एलईडी लावा आणि मोटर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची, तेवढ्याच फेऱ्यांची घ्या. मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर स्वस्त मिळते, पण तिच्यातल्या बऱ्याच दर वेळी मनाला येईल त्या दिशेने सुरू होतात. फिल्म उलटी चालली तर धबधबा वर चढतो, म्हणून घेताना एकाच दिशेची मागा. फक्त साध्या बल्बची पाटी असेल तर ट्रान्सफॉर्मर चालतो. पाटीच्या वॅटपेक्षा निदान तीस टक्के मोठा घ्या. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर कोणत्याही मोटरला किंवा चोकला लावू नका.

पाठवताना ट्यूब आणि बल्ब काढून वेगळे बांधा, फिल्मचे रूळ कापडी पट्टीने अडवा, काच उभी ठेवा आणि खोक्यात खोका घालून मधे चारही बाजूंनी निदान 5 सेंटिमीटर फोम भरा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काचेची पाटी बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. ओल त्या भिंतीतूनच येते. आतल्या भिंतीवर, ऊन न पोचणाऱ्या जागी, मागे बोटभर पोकळी सोडून लावा.